लाल शब्दावरचा अंगठा

कागद टेबलावर ठेवला की चाचांचा उजवा अंगठा आधी त्यावर पडायचा. जिथं निकाल लिहिलेला असे, नेमका त्याच शब्दावर. अंगठा जाडजूड, आणि नखात कायमचा जांभळा रंग बसलेला. जंतू बघायच्या काचेवर टाकायचं ते जांभळं औषध, वीस वर्षांत नखातून गेलं नव्हतं आणि जाणारही नव्हतं. समोरचा माणूस मान वाकडी करून अंगठ्याखालचं बघायचा प्रयत्न करी, कागद ओढून बघे. चाचा अंगठा हलवत नसत.

"पावणं, आदी डावीकडचं वाचा की. काय हुडकलंय ते बघा."

"अवो, पर सापडलंय का न्हाय तेवढं तर सांगा!"

"सापडलं खरं. पर काय सापडलं?"

तुमच्यापैकी ज्यांनी कधी रक्त तपासून घेतलंय त्यांनी मनाशी खरं सांगावं. कागद हातात पडल्यावर तुम्ही तरी आधी कुठं बघता? तपासणीचं नाव डावीकडे असतं, निकाल उजवीकडे असतो. आपण सगळी उजवीकडं बघणारी माणसं. जन्मभर डावीकडून वाचायला लावणारा माणूस मी एकच पाहिला.

ही ऐंशी सालानंतरची सात-आठ वर्षं. राजारामपुरीच्या एका गल्लीत खाली औषधाचं दुकान आणि वर आमची रक्त-लघवी तपासायची लॅबोरेटरी. मी तिथं टायपिस्ट. वडील शाळामास्तर, त्यांनी टायपिंगच्या परीक्षा दे म्हटलं, मी दिल्या, आणि पहिली नोकरी लागली तिथंच चिकटले. चाचा टेक्निशियन, माझ्या वडिलांपेक्षा थोडेसेच लहान. त्यांचं नाव मी सांगत नाही. सांगितलं असतं तर त्यावरही त्यांनी अंगठाच ठेवला असता.

रक्त काढण्यात त्यांचा हात धरणारा कोल्हापुरात कुणी नव्हता, असं मी म्हणते. लहान पोर रडत जिना चढायचं. चाचा त्याला विचारायचे, "तुमच्या वर्गात सगळ्यात वांड कोन रं?" पोर विचारात पडायचं. एक नाव सांगायचं, मग दुरुस्ती करून दुसरं सांगायचं, तोवर सुई आत जाऊन बाहेर आलेली असायची. "झालं व्हय?" असं पोरच विचारायचं. शहरातल्या निम्म्या शाळांतली वांड पोरं चाचांना नावानिशी पाठ होती.

त्यांचे वडील कल्हईवाले. भाता आणि कथील खांद्यावर घेऊन गल्लोगल्ली ओरडत फिरायचे. चाचा लहानपणी भाता मारायला बरोबर असत. पुढं दवाखान्यात बाटल्या धुवायला लागले, तिथून शिकत शिकत, परीक्षा देत वर आले. पण परीक्षानळी धुऊन झाली की ती उजेडाकडे धरून आतून बघायची त्यांची तऱ्हा मात्र थेट कल्हईवाल्याची होती. मी चिडवायची, "चाचा, काचेला कल्हई नको ना?" ते म्हणायचे, "नको कशी? सगळ्याला लागती."

आणि त्यांचा एक पेला होता. जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, काठाला पोचे आलेला. चहा आला की आम्हाला कपबश्या आणि चाचांना तो पेला. प्यायचे, स्वतः विसळायचे आणि मागच्या भिंतीतल्या खिळ्याला लटकवायचे. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. चहात साखर मात्र दुप्पट लागायची. पेल्याचं कारण मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं. आम्ही बाकीचे सगळे हिंदू, कुणाच्या मनात उगीच काही यायला नको म्हणून ते जपत असतील. मला त्याची लाज वाटायची. पण विचारायचं धाडस पाच वर्षांत झालं नाही, हेही खरं.

आता माझ्या टाइपरायटरबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यानंच केलं. त्यानं म्हणजे मीच. त्याची फीत दोन रंगांची होती, वरची अर्धी काळी, खालची अर्धी लाल. बाजूची कळ फिरवली की अक्षर लाल उठायचं. लॅबोरेटरीच्या मालक डॉक्टरांचा नियम असा, की 'पॉझिटिव्ह' हा शब्द जिथं येईल तिथं तो लाल. रिपोर्ट बघणाऱ्या डॉक्टरची नजर पटकन जावी, एवढाच हेतू. पण हळूहळू आमच्या गिऱ्हाइकांना ते कळलं. इंग्रजीचं एक अक्षर न येणारी माणसंही दुरूनच कागद बघून "काळं हाय, काळं!" म्हणत आनंदानं जिना उतरायची. काळं ते शुभ आणि लाल ते अशुभ, असा आमच्या लॅबोरेटरीपुरता उलटा कारभार होता.

एकदा कागलचा एक तरणा गडी लाल शब्दाचा कागद घेऊन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर डोकं धरून बसला. चाचा त्याच्याशेजारी जाऊन बसले आणि शब्दावर अंगठा ठेवला. "काय हुडकलंय?" त्यानं एकेक अक्षर जुळवत वाचलं. मग वर बघितलं, मग परत खाली. बायकोला दिवस गेलेत का, याची ती तपासणी होती. "मग रडतायसा कशापायी? पेढं आना जावा!" पेढे आले. डॉक्टरांनी दोन खाल्ले, पण नियम काही बदलला नाही.

रक्तातून पसरणाऱ्या काविळीची तपासणी तेव्हा आमच्याकडे सुरू होऊन फार वर्षं झाली नव्हती. तिला त्या वेळी ऑस्ट्रेलिया अँटिजेन म्हणायचे. एक म्हातारे पैलवान ते नाव ऐकून खवळले. "आमच्या सात पिढ्यांत कोन कोल्हापूर सोडून गेल्यालं न्हाय, आनि तुमी ऑस्ट्रेलिया हुडकतायसा?" चाचांनी त्यांना खुर्ची दिली. हा रोगाचा अंश पहिल्यांदा तिकडच्या एका माणसाच्या रक्तात दिसला, म्हणून ते नाव पडलं, हे सांगितलं. पैलवान म्हणाले, "मग आमच्यात न्हाय सापडायचं." नाहीच सापडलं. जाताना चाचांच्या पाठीवर थाप मारून गेले. ती थाप त्यांना दोन दिवस दुखत होती.

डॉक्टरांना चाचांचं हे समजावणं फारसं आवडत नसे. रिपोर्टचा अर्थ सांगणं हे डॉक्टरचं काम, टेक्निशियननं सांगू नये, हा रिवाज. चुकीचा नव्हता. एकदा त्यांनी तसं स्पष्ट म्हटलं. चाचा म्हणाले, "मी अर्थ न्हाय सांगत साहेब. कुठनं वाचायचं तेवढं दावतो." डॉक्टर हसले आणि आत गेले.

त्याच गल्लीत पुढं आक्कांची खानावळ होती. आक्का गडहिंग्लजकडच्या. कानडी हेल, आवाज मोठा. नवरा गेल्यावर त्यांनी इथं येऊन खानावळ काढली. क्लासला आलेली गावोगावची पोरं जेवायची, तीस-बत्तीस ताटं. भाकरी गरम, आमटी झणझणीत, आणि कुणी ताटात टाकलं तर सगळ्यांसमोर उद्धार. तरीही पोरं आक्का आक्का करत असायची.

त्यांतल्या एका पोराला कावीळ झाली. कागलहून त्याचा मामा आला. आक्कांना तरुणपणी कावीळ झाली होती, ही गोष्ट आक्कांनीच पोरांना कधी तरी गप्पांत सांगितलेली. ती मामाच्या कानावर गेली आणि त्यांनी खानावळीत उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं, की या बाईनंच माझ्या भाच्याला कावीळ दिली. पोराच्या डॉक्टरांनी सांगून पाहिलं, की त्याची कावीळ घाणेरड्या पाण्याची आहे, आक्कांचा संबंध नाही. पण मामांना कागद हवा होता. आणि खरं तर आक्कांनाही हवा होता. "हुडका माझ्या रक्तात काय हुडकायचं ते. कागद भिताडाला लावते," असं म्हणत त्या आमचा जिना चढल्या.

डॉक्टरांनी दोन तपासण्या लिहून दिल्या. पहिली, रोगाचा अंश रक्तात आहे का. ती चाचांनीच केली आणि ती काळी आली. दुसरी, त्या रोगाशी झुंजायला शरीरानं तयार केलेली ताकद रक्तात आहे का. तिला अँटिबॉडी म्हणतात. तिच्यासाठी रक्त थर्मासात बर्फ घालून मुंबईला जायचं आणि उत्तर टपालानं यायचं. ते आठ-दहा दिवसांनी आलं. मी दोन्ही निकाल आमच्या कागदावर एकाखाली एक टाइप केले. पहिल्या ओळीत निगेटिव्ह, काळं. दुसऱ्या ओळीत पॉझिटिव्ह. हात आपोआप कळीवर गेला. नियम तो नियम. डॉक्टरांनी गठ्ठ्याबरोबर सही केली.

तो शुक्रवार होता. दुपारी चाचा नमाजाला गेले होते आणि तेवढ्यात आक्का आल्या. कागद मी दिला. त्यांनी लाल शब्द बघितला आणि त्यांचा चेहरा उजळला. "लाल आलंय न्हवं? चांगलं झालं बाई." कुंकवाचा रंग तो, त्यांना तो वाईट कसा वाटेल? मी टाइप करण्यात गुंतलेली. मिनिटाला पंचेचाळीस शब्दांचा माझा गर्व. "हो हो," म्हटलं. माझ्या आयुष्यात मी जी काही बेफिकीर 'हो' म्हटली असतील, त्यांतलं ते एक मला अजून टोचतं.

आक्कांनी बोलल्याप्रमाणं कागद भिंतीला लावला. हात धुवायच्या जागेच्या वर, देवाच्या तसबिरीशेजारी, खळ लावून. पोरं हात धुवायला गेली आणि त्यांनी वाचलं. इंजिनियर व्हायला निघालेली पोरं, त्यांना इंग्रजी येत होतं. त्यांनी उजवीकडचा लाल शब्द वाचला आणि जेवल्याशिवाय उठून गेली. दुसऱ्या दिवशी अकरा ताटं झाली. तिसऱ्या दिवशी पाच.

आक्का जिना चढून आल्या तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदाच लहान ऐकला. "भाई, मला खरंच हाय का वो ते? असलं तर मी चूल बंद करते. पोरांच्या जिवाशी खेळ नको." चाचांनी कागद घेतला. सवयीनं अंगठा लाल शब्दावर गेला, मग त्यांनी तो उचलला आणि माझ्याकडं बघितलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"पोरी, हे लाल कशाला केलंस?"

"नियम आहे चाचा. पॉझिटिव्ह लाल."

"सापडलं खरं. पर काय सापडलं?"

मी रडले. डॉक्टरांनी त्यांच्या कागदावर चिठ्ठी लिहून दिली, की या बाई पूर्ण निरोगी आहेत. ती चिठ्ठी काळ्या शाईची होती आणि इंग्रजीत होती. कुणीही वाचली नाही. लाल शब्द सगळ्यांनी वाचला होता.

पुढच्या रविवारी क्लासला सुट्टी होती. चाचांनी पोरांना निरोप धाडला, की दुपारी आक्काच्यात या, जेवू नका हवं तर, नुसतं बसा. कागलच्या मामांनाही बोलावलं. निघण्याआधी त्यांनी आपल्या खणाचं कुलूप काढलं आणि एक घडी घातलेला कागद खिशात ठेवला. मला वाटलं, आक्कांच्या रिपोर्टचीच नक्कल असेल. चूक माझी, म्हणून मीही बरोबर गेले.

पंधरा-वीस पोरं आली होती, भिंतीला टेकून. मामा दारातच उभे. चाचांनी आक्कांकडून दोन पितळेची पातेली मागून घेतली. एक कल्हईचं आणि एक कल्हई उडालेलं.

"ह्यात आमटी ठिवली तर काय हुईल?"

"कळकंल," आक्का म्हणाल्या. "इषच ते."

"आनि ह्यात?"

"ह्यात काय हुतंय? कल्हई हाय की."

"ही कल्हई लागली कशी? माझा बाप करायचा, मला ठावं हाय. भांडं इस्तवावर लालबुंद करायचं, मग कथील फिरवायचं. इस्तवातनं गेल्याबिगर कल्हई चढत न्हाय." त्यांनी भिंतीवरच्या कागदावर बोट ठेवलं. "आक्काला तरुनपनी कावीळ झालती. तिचा जीव इस्तवातनं गेला आनि परत आला. मुंबईवाल्यांनी रक्तात काय हुडकलं? ही कल्हई. ती सापडली. वरच्या वळीत बघा, रोग हुडकला तो न्हाय सापडला. हितं बसल्याल्यांत ह्या काविळीपास्नं सगळ्यात निर्धास्त कोन असंल तर आक्का हाय."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. एक उठून कागदाजवळ गेला आणि या वेळी डावीकडून वाचू लागला. मामा मात्र दारातून म्हणाले, "तुमचं काय जातंय बोलायला? लाल ते लाल. खरं लाल वेगळं असतंय तर दावा की."

चाचांनी खिशातला कागद काढला आणि जवळच्या पोराला दिला. "वाच. मोठ्यानं. डावीकडनं."

पोरानं वाचलं. ऑस्ट्रेलिया अँटिजेन, म्हणजे रोगाचा अंश. निकाल पॉझिटिव्ह. लाल. मग त्यानं वरचं नाव वाचलं आणि तो थांबला. नाव चाचांचं होतं.

टायपिंग माझ्या आधीच्या बाईंचं होतं, ते मी लांबून ओळखलं. आणि त्याच क्षणी मला लॅबोरेटरीच्या मागच्या भिंतीवरचा जर्मनचा पेला आठवला. पाच वर्षं मी त्याचं भलतंच कारण धरून बसले होते.

"पेशंटच्या रक्ताची नळी फुटली हातात," चाचा म्हणाले. "कावीळ झाली, बरी झाली. रोग आतच ऱ्हायला. आपल्याकडं तपासनीचं सामान आलं तवा चालतंय का बघाय पयलं रक्त माझंच टाकलं. ते लाल निघालं. माझं लाल खरं हाय. बायकोला कल्हई हाय, दोन्ही पोरींचं काळं. ताटानं, पेल्यानं न्हाय लागत हे. रक्तानं लागतंय."

मामा दोन पावलं मागं सरले. मी बोलू नये ते बोलले, पण राहवलं नाही. "मग चाचा, तुमचा पेला वेगळा कशाला?"

ते माझ्याकडं बघून हसले. "उद्या कुनाला कळलं तर? रोग न्हाय पसरत पेल्यानं, पोरी. भ्या पसरतंय."

मग ते खाली बसले. "आक्का, भूक लागलीया." आक्कांनी ताट वाढलं. भाकरी, आमटी, कांदा. चाचा जेवू लागले, आणि सगळे बघत होते. एक भाकरी संपली तशी आक्का पुढं झाल्या. हाताला हात लागेल इतक्या जवळ बसून त्यांनी दुसरी भाकरी मोडून ताटात घातली. "खावा वो भाई, खावा. लाजू नगासा." त्यांचे डोळे गळत होते आणि आवाज पुन्हा पहिल्यासारखा मोठा झाला होता. भिंतीला टेकलेल्या पोरांतून एक जण म्हणाला, "आक्का, मला बी वाढा." मग दुसरा.

आठ दिवसांत अठरा ताटं झाली. महिन्याभरात सगळी. ज्याला कावीळ झाली होती तो मामांना न सांगता आला आणि आक्कांच्या शिव्या खात जेवला.

पण गोष्ट इथं संपली असती तर मी ती इतकी वर्षं मनात कशाला ठेवली असती? खानावळीतली पोरं घरी गेली, घरी बोलली. चार दिवसांत राजारामपुरीला कळलं, की लॅबोरेटरीतल्या चाचांच्या रक्तात रोग आहे. एक बाई आपल्या मुलाला घेऊन आली. चाचांशिवाय त्या मुलाला कुणी सुई टोचूच शकत नसे. चाचांनी विचारलं, "वर्गात वांड कोन?" मुलानं तोंड उघडलं, तेवढ्यात आईनं त्याचा हात मागं ओढला. "दुसरं कोन हाय का?" चाचांनी पिचकारी ट्रेमध्ये ठेवली आणि आतल्या शिकाऊ मुलीला हाक मारली.

त्या आठवड्यात अशी पाच-सहा माणसं आली. डॉक्टर भले, त्यांनी नोकरीवर आच येऊ दिली नाही. पण एक दिवस त्यांनी चाचांना आतल्या खोलीत बसायला सांगितलं. नळ्या फिरवायच्या, काचा बघायच्या, सुई धरायची नाही. कोल्हापुरातला सगळ्यात हलका हात आतल्या खोलीत बसला. माझ्या एका लाल शब्दापायी. मी तसं बोलून दाखवलं तर ते म्हणाले, "सुई गेली ती गेली. आक्काच्यात आज किती ताटं झाली ते इचारून ये जा." त्यांनी तसं म्हटलं खरं. पण जिन्यावर एखादं पोर रडत चढायला लागलं की आतल्या खोलीत त्यांचे हात थांबायचे, हे मी बघितलंय.

त्यानंतर डॉक्टरांनी नियम बदलला. अँटिबॉडीचा निकाल काळा. आणि चाचांनी रबरी शिक्का करवून आणला, मराठी अक्षरांचा: 'हे सापडणे चांगले आहे.' जांभळ्या शाईत बुडवून ते स्वतः तो अँटिबॉडीच्या कागदावर मारायचे. एकदा चुकून दिवस राहिलेल्या बाईच्या रिपोर्टवर मारला. तिला आधीची पाच होती. ती खाली औषधाच्या दुकानात उभी राहून अर्धा तास आमचा उद्धार करत होती.

दोन-अडीच वर्षांनी चाचा थकल्यासारखे दिसू लागले. जिना चढताना मध्येच थांबायचे. पोट वाढलं, हात काटकुळे झाले; आत राहिलेल्या रोगानं यकृत धरलं होतं. डॉक्टरांनी पुन्हा सगळ्या तपासण्या करायला लावल्या. निकाल माझ्या टेबलावर आले. त्या एका ओळीशी माझी बोटं थांबली. मी कळ फिरवली नाही. तो शब्द काळा टाइप केला आणि कागद त्यांच्यापुढं ठेवला.

त्यांनी अंगठा ठेवला. नखातला जांभळा रंग तसाच होता, बोट मात्र बारीक झालं होतं.

"वाच. काय हुडकलंय?"

"रोगाचा अंश," मी म्हटलं.

"सापडला?"

"सापडला."

"मग रंग कुठला?"

मी टाइपरायटरच्या कळीकडं बघितलं.

"आक्काचं काळं ते तू लाल केलंस. आता माझं लाल ते काळं करायलीस व्हय? पुन्यांदा घाल मशिनीत."

मी कागद पुन्हा मशीनमध्ये घातला, कळ फिरवली आणि त्याच शब्दावर लाल अक्षरं मारली. काळ्यावर लाल नीट बसलं नाही, नुसतं मळकट दिसत होतं. त्यांनी ते उजेडाकडे धरून बघितलं, घडी घातली, खिशात ठेवलं. "आता बरोबर," म्हणाले आणि कठड्याला धरून जिना उतरले. ते पुन्हा कामावर आले नाहीत. उन्हाळा संपायच्या आत गेले.

त्यांच्या घरी आम्ही सगळे गेलो होतो. आक्का सगळ्यांच्या आधी पोहोचल्या होत्या आणि चाचांच्या बायकोचा हात धरून बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी लॅबोरेटरीत चहा आला. नवीन टेक्निशियननं कपबश्या मांडल्या. मी उठले, मागच्या भिंतीवरच्या खिळ्याचा जर्मनचा पेला काढला, विसळला आणि माझा चहा त्यात ओतून घेतला.

"अहो ताई, तो चाचांचा आहे," तो घाईघाईनं म्हणाला.

"माहीत आहे," मी म्हटलं. दोन चमचे साखर जास्त घातली आणि सगळ्यांसमोर बसून प्यायले.